क्लेम्स इन्स्पेक्टर आणि वरच्या मजल्यावरचा खेळ

आमच्या ह्यांनी कुणाचं पहिलं उत्तर कधी खरं मानलं नाही. लग्न ठरताना माझा जन्मदाखला मागवून घेतला होता. दाखल्यावरची तारीख आणि पत्रिकेतली तारीख यांत एका दिवसाचा फरक निघाला. मी पहाटे तीनला जन्मले आणि पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, एवढंच कारण. पण ह्यांनी माझ्या वडिलांकडून तसा लेखी खुलासा घेतला. वडील नाशिकचे तापट मास्तर. तो खुलासा लिहिताना त्यांच्या पेनची निब मोडली, असं आई सांगायची. कागद अजून आमच्या कपाटात आहे.

हे म्हणजे शरदचंद्र खांबेटे. १९६७ साली रेल्वेच्या क्लेम्स खात्यात लागले आणि मला घेऊन मद्रासला आले. शहराचं नाव बदललं तरी माझ्या तोंडी मद्रासच आहे. रेल्वेने पाठवलेला माल वाटेत हरवला, भिजला, फुटला की पाठवणारा भरपाई मागतो. त्या मागणीत खरं किती आणि बनाव किती, हे शोधायचं काम ह्यांचं. चौतीस वर्षं हे एग्मोरच्या ऑफिसातून निघून गुदामं, यार्डं आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या पालथ्या घालत राहिले. त्यांचं एक ठाम मत होतं. खऱ्या हकिगतीला भोकं असतात, माणूस विसरतो, चुकतो, घोटाळतो. जी हकिगत सरळसोट जुळते ती रचलेली. गुण्यागोविंदाने जुळलेलं काही दिसलं की ह्यांच्या मनात पाल चुकचुकलीच.

२००१ साली निवृत्त झाले आणि हे सगळं कसब घरात आलं. कामवाली सरोजा दोन दिवस रजा मागायला आली की हे तिला तिच्या मावशीचं गाव, तिथे जाणारी बस आणि मावशीचा आजार विचारत. ती बिचारी मग मलाच खाणाखुणा करून सांगायची. मुलगा सिद्धार्थ पुण्याहून रविवारी फोन करायचा, तर हे विचारत, आज आवाज वेगळा का येतोय. सर्दी झालीय म्हणाला, तर सुनेला फोन द्यायला सांगत. सिद्धार्थने लहानपणापासून ह्यांच्या केसेस इतक्या ऐकल्या होत्या, की "एकदा काय झालं" एवढं कानावर पडलं तरी तो उठून जाई. खरं सांगायचं तर मीही जायचे.

२००६ च्या जूनमध्ये अण्णा नगरमधल्या आमच्या घराच्या वरच्या पोर्शनमध्ये संकेत राहायला आला. इस्लामपूरचा मुलगा, वय सव्वीस, इंजिनियर. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात होता. तयार माल खोक्यांत भरून, ट्रकला सील लावून रवाना करायचा. वर्षभर प्रोबेशन, मग कायम. घरी वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, बहीण अजून शिकत होती. ही नोकरी पक्की झाली नाही तर सगळ्यांना आत्याच्या घरी जाऊन राहावं लागेल, असं त्याने पहिल्या आठवड्यातच मला सांगितलं. सांगताना हसत होता, पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

ह्यांनी त्याची सव्वा तास उलटतपासणी घेतली होती. इतक्या लांब का आलास? तिकडे नोकरी का मिळाली नाही? आधीच्या घरमालकाने का काढलं? पोरगा शांतपणे उत्तरं देत होता. दोन ठिकाणी तारखा चुकला. तो गेल्यावर हे म्हणाले, "ठेवू त्याला. घोटाळा करतोय, म्हणजे खरा असेल."

माझा जीव भांड्यात पडला. याआधीच्या तीन जणांना, त्यांची उत्तरं चोख होती म्हणून, ह्यांनी नाकारलं होतं.

संकेत खाली यायचा तो कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी, विरजणासाठी, कधी नुसताच. एकदा व्हरांड्यात ह्यांच्या टेबलावर पडलेली वॅगनची जुनी शिशाची सीलं त्याने उचलून पाहिली आणि ही काय म्हणून विचारलं. झालं. मी स्वयंपाकघरात गेले, कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. अर्ध्या तासाने कॉफी घेऊन बाहेर आले तर तो जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि हे खुर्चीत पुढे सरकून बोलताहेत.

कुंभकोणमच्या घंटेची केस सांगत होते. तिथल्या ओतशाळेतून एका गावच्या देवळासाठी मोठी घंटा पार्सलने निघाली. गावी पोचली तेव्हा आत लोलक नव्हता. रेल्वेत चोरला म्हणून गावकऱ्यांनी अर्ज केला. घंटा ओतशाळेत वाजवून घेतली होती असंही लिहिलं. कागदपत्रं चोख, पंचांच्या सह्या. हे गावी गेले आणि घंटेखाली आडवे होऊन टॉर्चने आतली कड बघत बसले. कडेवर एकही ठोका उमटलेला नव्हता. लोलक कधी बसवलाच नव्हता आणि ती घंटा कधी वाजलीच नव्हती. अख्ख्या गावाने मिळून एका कारागिराची चूक झाकली होती.

"सगळं गाव खोटं बोलत होतं?" संकेतने विचारलं. "का पण?"

ते ह्यांना माहीत नव्हतं. ते शोधणं त्यांचं काम नव्हतं. पण संकेतने वही काढली आणि लिहून घेतलं.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की आधी आमच्या व्हरांड्यात यायचा. हे साडेपाचलाच शर्ट बदलून बसत. इतक्या वर्षांत मी ह्यांना असं कुणाची वाट बघताना पाहिलं नव्हतं. माझी तर नाहीच. तुपाच्या डब्यांत पाणी निघालं ती केस झाली, वाटेत वजन वाढलेल्या मिरच्यांची झाली. ह्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. जेवणात मीठ कमी पडलं तरी कारण विचारेनासे झाले.

मग एक दिवस संकेतने विचारलं, "काका, सील न तोडता वॅगन उघडता येते का?"

हे खुशीत होते. म्हणाले, "येते की. सील कशाला असतं? कडीला. बिजागरीला कोण सील लावतो? बिजागरीची खीळ काढायची, दार मागच्या बाजूने उघडायचं, काम झालं की खीळ परत ठोकायची. सील जसंच्या तसं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही."

पोराने तेही लिहून घेतलं, बिजागरीचं चित्रसुद्धा काढलं. तो वर गेल्यावर ह्यांनी टेबलावरचं एक सील उचलून बोटांत फिरवलं. मग मला म्हणाले, "अगं, हा डिस्पॅचला आहे. रोज सीलबंद ट्रक पाठवतो. याला हे कशाला हवंय?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना हौसेने. पण ती पाल परत आली होती, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही भिंतीवर ती दिसायला लागली होती. दर रविवारी दुपारी संकेतकडे त्याची मित्रमंडळी जमायची. दार लावून घ्यायची. टेबलावर काहीतरी घरंगळल्याचा आवाज यायचा, आणि मधूनच वाक्यं ऐकू यायची. पहारेकरी किती आहेत? त्याला मारू नका, आधी विचारा. मी सरोजाबरोबर जिना झाडून घ्यायच्या निमित्ताने दोनदा वर जाऊन आले. जुगार असेल असा माझा अंदाज होता.

त्यांच्यातली प्राची एकदा पाणी मागायला खाली आली तेव्हा मी तिला सरळच विचारलं. ठाण्याची मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये, बडबडी. तिने सगळं समजावून सांगितलं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो: तुम्ही किल्ल्याच्या दाराशी आहात, दार बंद आहे, काय कराल? बाकीचे आपापलं सोंग घेतात, कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी चोर, आणि त्या सोंगाला शोभेल तसं उत्तर देतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. फासे वीस बाजूंचे, तिनेच परदेशातून आणलेले. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी मोहीम लागते आणि ती संकेतने रचायची असते. परदेशी पुस्तकांतले बर्फाचे डोंगर आणि राक्षस वापरून झाले. मग वादिराज म्हणाला, की आपल्यापैकी कुणी बर्फ पाहिलेलं नाही, आता जरा बघितलेलं काहीतरी दे. वादिराज संकेतच्याच कारखान्यातला, तंजावरकडच्या मराठी घरातला. त्याचं मराठी दोनशे वर्षं जुनं आणि हेल तमिळ. तेव्हापासून संकेत काकांच्या केसेसवर मोहिमा रचत होता. घंटेची मोहीम त्यांना तीन रविवार पुरली होती.

नंतर मी संकेतलाही विचारलं, की बाबा, तुला ह्या गोष्टी सुचतात कशा? तो म्हणाला, "काकू, सुचत नाहीत. जिथे काहीतरी बिनसलंय तिथे जाऊन बसायचं आणि विचारत राहायचं. काका तेच तर करायचे."

मला हायसं वाटलं. दिवेलागणीला मी ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सव्वीस वर्षांचा इंजिनियर खेळ खेळतो. त्या खेळासाठी त्याला ट्रकचं सील लागतं. आणि ही हकिगत त्याची मैत्रीण आपल्या स्वयंपाकघरात येऊन सांगते, तू विचारायची वाटच बघत असल्यासारखी. किती छान जुळतंय नाही?"

मी कपाळाला हात लावला.

दोनच दिवसांनी पाण्याच्या टाकीचा बॉल कॉक बघायला म्हणून हे गच्चीवर गेले. संकेत कामावर होता, पण खोलीची खिडकी उघडी होती आणि खिडकीशीच टेबल. टेबलावर एक मोठा नकाशा पसरलेला. हे खाली आले ते पांढरेफटक पडून. नकाशात एक आवार होतं, दोन फाटकं, ट्रक तोलायचा काटा, कोठारांची रांग. पहारा दोनला बदलतो आणि काट्यापाशी दहा मिनिटं कुणी नसतं, असं बारीक अक्षरात लिहिलेलं. संकेतने पुढच्या मोहिमेसाठी राक्षसाचं कोठार आखलं होतं, आणि त्याला कोठार म्हणून एकच जागा ठाऊक होती, त्याचा कारखाना. ते मला मागाहून कळलं. त्या दिवशी मात्र ह्यांचं तोंड बघून माझाही धीर सुटला. मी म्हटलं, त्यालाच विचारा. हे म्हणाले, "चोराला विचारून चौकशी करत नाहीत."

पुढचे तीन-चार दिवस हे दुपारी छत्री घेऊन बाहेर जात होते. दुपारी तीनचं मद्रासचं ऊन ज्यांना माहीत आहे, त्यांना कळेल की यात काहीतरी काळंबेरं होतं. कुठे जाता विचारलं तर वाचनालयात. वाचनालय तीनला बंद असतं, पण म्हटलं जाऊ दे.

महिनाअखेरीस संकेत वेळेआधीच घरी आला. थेट आमच्याकडे आला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसला. त्याला डिस्पॅचमधून काढून एका रिकाम्या खोलीत बसवलं होतं. वही जप्त केली. त्याच्याबद्दल कारखान्याला निनावी अर्ज आला होता, की हा सील न तोडता ट्रक उघडायची रीत शिकतोय आणि आवाराचे नकाशे काढतोय. त्याने खेळ म्हणून सांगितलं, तर पर्सोनेलच्या साहेबाने विचारलं, खेळ म्हणजे क्रिकेट का? चौकशी पुरी होईपर्यंत नोकरी पक्की होणार नाही, कदाचित जाईलच. घरी काय सांगू काकू, एवढंच तो दोनदा म्हणाला.

हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "चौकशी होऊ द्यावी. खरं असेल ते बाहेर येतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. माझ्या मनात तेव्हाच आलं, पण मी ते मनातल्या मनात दाबलं. नवऱ्यावर एवढा संशय घ्यायचा म्हणजे मीही त्यांच्यासारखीच झाले, असं वाटलं. संकेतला मी जेवायला बसवलं. त्याने दोन घास खाल्ले.

अडीच आठवड्यांनी तो पुन्हा एकदा आला तो जरा चक्रावलेला. साहेबाने त्याला सांगितलं होतं, की अर्जदाराचं दुसरं पत्र आलंय. टाइप केलेलं इंग्रजी. परिच्छेदांना क्रमांक घातलेले, डावीकडे शेरे लिहायला पानाचा एक तृतीयांश भाग कोरा सोडलेला. आणि सुरुवातच अशी: संदर्भ, माझा अमुक तारखेचा निनावी अर्ज; पंधरा दिवस उलटूनही त्यावर काय कारवाई झाली ते कळवण्यात आलेलं नाही, तरी त्वरित कळवावे. कुठे कळवावे ते अर्थातच लिहिलेलं नव्हतं. साहेबसुद्धा हसला म्हणे.

मला हसू आलं नाही. निनावी अर्जाचं स्मरणपत्र पाठवणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच असू शकतो, आणि तो माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होता.

संकेत वर गेल्यावर मी दार लावून घेतलं. विचारलं, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जात होतात ना दुपारी? ह्यांनी नाकारलं नाही. नाकारणं त्यांच्या स्वभावात नाही. कुणी नीट प्रश्न विचारला की ते उत्तर देतात. म्हणाले, पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र द्यावंच लागतं, नाहीतर केस बारगळते. मी म्हटलं, पोराचं आयुष्य बारगळतंय. इतकी वर्षं मी तुमचा संशय थट्टेवारी नेला, पण हा नुसता संशय नाही, हे पाप आहे. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्याला. हे म्हणाले, निनावी अर्जदाराचं नाव उघड करायचं नसतं, तसा नियम आहे. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी ते शेंगांच्या टरफलांकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "खोटा असता तर एव्हाना त्याने तिसरी हकिगत रचली असती. एकच सांगतोय अजून."

रविवारी सकाळी संकेतच खाली आला. ह्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही चौतीस वर्षं बनाव ओळखलेत. मला हा अर्ज कुणी लिहिला ते शोधून द्या. आमच्या कारखान्यातलाच कुणीतरी आहे. वही गेली, डोक्यात दुसरं काही येत नाही, म्हणून आजची मोहीम त्याच्यावरच रचलीय. तुम्ही तपासनीस व्हा. याल का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जा. मीही येते.

आम्ही दोघं पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसलो. संकेत, प्राची, वादिराज आणि आम्ही. वादिराजने ह्यांच्यापुढे फासे ठेवले आणि "सरि, मामा," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून मान हलवली. संकेतने प्रसंग सांगितला. एका राजाचं कोठार आहे. त्यावर एक नोकर आहे. राजाला निनावी पत्र येतं, की हा नोकर फितूर आहे. राजाने तपासनिसाला बोलावलंय. गावातल्या प्रत्येकाच्या वतीने संकेत बोलणार, तपासनिसाने हवं त्याला हवं ते विचारायचं.

हे आधी अवघडून बसले होते. मग हळूहळू खुर्चीत पुढे सरकले. पहिला प्रश्न विचारला, की पत्रं किती आली? दोन, असं राजाच्या कारकुनाच्या आवाजात संकेत म्हणाला. दुसऱ्यात नवीन काय आहे? काहीच नाही, फक्त उत्तर का आलं नाही म्हणून विचारलंय. त्यावर हे म्हणाले, "मग हा नोकराचा वैरी नाही. वैरी असता तर दुसऱ्या पत्रात आणखी विष ओतलं असतं. याला वाटतंय की तो आपलं काम करतोय."

प्राचीने ते लिहून घेतलं. मी पदराने तोंड पुसलं. ह्यांचा आवाज असा एकसारखा, कोरडा मी फार वर्षांनी ऐकत होते. चौकशीला निघताना तो असा व्हायचा. आता ते स्वतःकडेच निघाले होते आणि मला ते दिसत होतं. ह्यांना दुसऱ्या कुठल्या वाटेने जाता येत नाही.

त्यांनी विचारलं, "नोकराला पहिल्या दिवशी राजाने काय विचारलं?"

संकेत म्हणाला, बिजागरीबद्दल.

"त्याची वही उघडण्याआधी का नंतर?"

संकेत आठवू लागला. आता तो कारकुनाच्या आवाजात बोलत नव्हता. "आधी," तो म्हणाला. "वही नंतर मागितली."

"म्हणजे बिजागरी पत्रातच होती. ती गोष्ट किती माणसांना ठाऊक होती?"

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. संकेतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला, आणि मला वाटलं, उठून त्याला जवळ घ्यावं, पण मला तरी तो हक्क कुठे होता?

"दोघांना," संकेत म्हणाला. "ज्याने विचारली त्याला आणि ज्याने सांगितली त्याला."

ह्यांनी खिशातून घडी केलेले दोन कागद काढले आणि टेबलावर उलगडून ठेवले. दोन्ही पत्रांच्या कार्बन प्रती होत्या. वर कोपऱ्यात शाईने लिहिलं होतं, ऑफिस कॉपी. खाली जिथे सही नव्हती तिथे ह्यांनी आमच्यासमोर सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्त.

"चूक माझी आहे," हे म्हणाले. "उद्या मी येतो तुझ्या साहेबांकडे."

प्राची रडायला लागली. वादिराजने फासे गोळा करून डबीत भरले. संकेत त्या कागदांकडे बघत होता. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर मी प्राचीला विचारलं, की त्याला आधीच कळलं होतं का, मुद्दाम हा डाव मांडला का? ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, काकू, तुमच्याबद्दल त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, तो तुमच्या दोघांना घरचं समजत होता.

सोमवारी सकाळी सव्वासहाला हे इस्त्रीचा शर्ट घालून तिरुमंगलमच्या सिग्नलपाशी कंपनीच्या बसथांब्यावर उभे राहिले. संकेत म्हणाला, बसमध्ये बाहेरच्या माणसाला घेत नाहीत. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. हे दोन बसा बदलून अकराला पोचले, फाटकाबाहेर तीन वाजेपर्यंत उभे राहिले आणि मग आत जाऊन लेखी जबाब देऊन आले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. साहेबाने विचारलं, तुम्हाला पुरावा काय होता? ह्यांनी लिहून दिलं, पुरावा नव्हता.

संकेतची नोकरी राहिली. डिस्पॅच मात्र गेलं. त्याला तपासणी विभागात टाकलं आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. वही परत मिळाली ती प्रत्येक पानावर गोल शिक्का मारून. त्याच महिन्यात त्याने पूनमल्लीला वादिराजबरोबर भाड्याने घर घेतलं. बस जवळ पडते म्हणाला. आम्ही दोघांनी मान डोलावली.

निघाला त्या दिवशी मी त्याला लाडू बांधून दिले, ते त्याने घेतले. माझ्या पाया पडला. छोट्या टेम्पोत सामान चढत होतं आणि हे फाटकाशी उभे होते. बराच वेळ उभे राहिल्यावर म्हणाले, एक केस सांगायची राहिली आहे, विळुपुरमच्या पेट्यांची, तुला मोहिमेला उपयोगी पडेल.

संकेत थांबला. नीट विचार करून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काका, केस चांगलीच असेल. पण आता तुम्ही बोलायला लागलात की माझ्या मनात येतं, हे मला का सांगताहेत. नाही ऐकवत मला."

टेम्पो गेल्यावर हे व्हरांड्यात येऊन खुर्चीत बसले. मी वाट बघत होते, की आता हे त्या वाक्यात खोट काढणार, असं का म्हणाला, त्याआधी का नाही म्हणाला. शर्टाची बाही सारखी करत ते कितीतरी वेळ फाटकाकडे बघत राहिले.

"खरं बोलतोय तो," हे म्हणाले.

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ते कुणाबद्दल असं म्हणालेले मी पहिल्यांदाच ऐकलं.